ऑक्टोपस नको, त्याचा उकिरडा शोधा

मालवणला डायव्हिंगची गोडी लागलेली कोल्हापूरची पोरं नोकरीसाठी सिअ‍ॅटलला जातात आणि दोन-तीन डाइव्ह झाल्या की मला फोन करतात, "दादा, ऑक्टोपस काही दिसला नाही." मी आठ वर्षं तिथल्या प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीत डाइव्ह केल्यात. आता राजारामपुरीत असलो तरी हा फोन येतोच. काय केलंस म्हणून विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं : मोठ्ठा टॉर्च घेतला आणि दिसेल त्या कपारीत उजेड मारला. हा सल्ला पोरांना कोण देतं ते कळत नाही, पण तो साफ चुकीचा आहे.

तयारीचं थोडक्यात सांगतो. पाणी वर्षभर साधारण ८ ते १३ अंश असतं, त्यामुळे ड्राय सूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा पोशाख, हवाच आणि तो वापरायचं शिक्षणही आधीच घ्या. जाड हातमोजे घ्या, कारण बोटं बधिर झाली की लक्ष सगळं त्यांच्यावरच जातं. उन्हाळ्यात पाणी हिरवं आणि गढूळ असतं, हिवाळ्यात बरंच स्वच्छ. मालवणचे कोळी उधाण-भांग बघून होडी काढतात, तसं तुम्हीही भरती-ओहोटीचं कोष्टक बघून पाणी थांबायच्या वेळेला उतरा. जागा सीक्रेस्ट कोव्ह किंवा रेडोंडोसारखी निवडा. तिथं तळाशी दगड, पाइप, बुडालेले ओंडके असं बरंच काही पडलेलं असतं. नुसत्या सपाट वाळूवर वेळ घालवू नका.

आता खरं काम, म्हणजे ऑक्टोपसचं घर ओळखणं. इथंच मी पहिल्या चौदा डाइव्ह वाया घालवल्या.

गगनबावड्याकडे पावसाच्या तोंडाला भाताच्या बांधावर खेकडे धरणारा माणूस खेकडा शोधत फिरत नाही. तो बिळाच्या तोंडाशी ताजी ओली माती आहे का ते बघतो. तोंडावर कोळीष्टक असलं की बीळ रिकामं समजून पुढं जातो. मी लहानपणी काकांच्या मागं बॅटरी धरून हेच करत होतो, पण समुद्रात ते आठवायला मला वर्ष लागलं. पॅसिफिकच्या महाकाय ऑक्टोपसचे हात पसरले तर पल्ला चार मीटरपर्यंत जातो. तरी त्याच्या अंगात चोचीशिवाय कठीण असं काही नसल्यामुळे तो दगडाखालच्या वीतभर फटीत मावतो, आणि रंग-पोत बदलून दगडच होऊन बसतो. त्याला थेट शोधायला गेलात तर तुमची नजर त्याच्यावरूनच घसरत जाईल. पण तो घरात बसून जेवतो आणि उष्टं दाराबाहेर टाकतो. ते मात्र त्याला लपवता येत नाही.

म्हणून तळापासून हातभर वर राहा, गाळ उडवू नका आणि काळपट गाळावर पांढरं काही दिसतंय का बघा. खेकड्याच्या पाठी, शिंपल्यांची जोडकवचं. ढीग बहुतेक उताराच्या बाजूला घरंगळलेला असतो, त्यामुळे शिंपला दिसला की नजर वर न्या. दार तिथं असतं.

ढीग सापडला म्हणजे धनी घरी आहे असं नाही. एक कवच नीट निरखा. आतली बाजू लख्ख पांढरी आणि स्वच्छ असेल तर जेवण अलीकडचं. शेवाळ धरलं असेल, गाळ साचला असेल, तर घर बहुधा सोडलेलं. शिंपल्यावर कधीकधी सुईच्या टोकाएवढं भोक सापडतं. ते ऑक्टोपसनं पाडलेलं असतं. तिथून तो आत लाळ सोडतो आणि शिंपल्याची पकड ढिली करतो. कवचांचा अगदी चुरा झालेला असेल तर मात्र थांबा. अशाच कपारीत वुल्फ ईल हा मोठ्या जबड्याचा मासाही राहतो, तो दातांनी चुरडून खातो. हा फरक मला कळत नव्हता तेव्हा मी एका ईलच्या दारात अर्धी टाकी हवा संपवली होती.

दार सापडल्यावर उजेड आत मारू नका, हे मी हात जोडून सांगतो. एकदा मी तीव्र झोत सरळ आत टाकला. आतला जीव मागं सरकला, गाळाचा लोट बाहेर आला आणि त्या संध्याकाळी पुढं काही दिसलं नाही. झोत दाराच्या कडेवर ठेवा, बाजूनं पाहा आणि दोन मिनिटं गप्प राहा. आधी डोकं दिसणार नाही. अंधारात शर्टाच्या बटणांसारखी पांढरी रांग दिसेल, ते त्याचे चूषक. मग एक भोक संथपणे उघडताना-मिटताना दिसेल, समोरचा बारीक गाळ त्या तालावर हलेल. तो श्वास घेतोय. शेवटी आडव्या बाहुलीचा डोळा सापडेल.

एक घर मात्र या नियमात बसत नाही. दारात दगड रचलेत आणि बाहेर ताजं उष्टं काहीच नाही, अशी कपार दिसली तर आत अंडी राखणारी मादी असू शकते. आत छताला तांदळाच्या दाण्यांएवढ्या अंड्यांचे घोस लोंबत असतात. मादी महिनोन् महिने काही न खाता त्यांच्यावर पाणी फिरवत बसते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. सुरुवातीच्या काळात मी अशा दारातला एक दगड आत बघता यावं म्हणून बाजूला केला होता. तिनं एक हात बाहेर काढला, तो दगड ओढला आणि परत जागेवर लावला. त्या गोष्टीची खंत अजून आहे. अशा घरापासून लांब राहा, फोटोसुद्धा काढू नका.

काठीनं डिवचून बाहेर काढा म्हणणाऱ्याबरोबर पाण्यात उतरू नका. वॉशिंग्टन राज्यानं २०१३ साली सीक्रेस्ट आणि रेडोंडोसह सात ठिकाणी ऑक्टोपस पकडायला बंदी घातली आहे, पण बंदी नसलेल्या जागीही माझं मत हेच.

त्यानं आपणहून हात पुढं केला तर हिसडा देऊ नका. हातमोजा चाचपू द्या, बहुतेकदा तो स्वतःच सोडतो. मात्र रेग्युलेटर (ज्यातून आपण हवा घेतो ते तोंडातलं उपकरण) आणि मास्कपासून त्याचा हात लांब ठेवा, आणि हवा कमी असेल तर इतक्या जवळ जाऊच नका. निघताना खोली आणि होकायंत्राची दिशा पाटीवर लिहून घ्या. पुष्कळदा तो त्याच घरात काही आठवडे टिकतो. पुढच्या वेळी अंधार पडल्यावर तिथंच जा, तेव्हा तो शिकारीला बाहेर पडलेला असण्याची शक्यता जास्त.