हाय-बॉनेट जीपची गिअर पेटी उतरवून तेलगळती बंद करताना

जुन्या जीपखाली तेलाचा डाग दिसला की बरेच मिस्त्री हात झटकतात, "जीप आहे, गळणारच." मला हे कधीच पटलं नाही. या गाडीच्या गिअर पेटीला आणि लो-हाय पेटीला तेल बाहेर यायच्या वाटा मोजक्याच आहेत आणि त्या सगळ्या बंद करता येतात. मात्र नुसती नवी ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रिंग) ठोकून भागत नाही. तेल कुठून येतंय ते आधी कळायला हवं.

मी लिहितोय ते महिंद्राच्या पेट्रोल सीजे-३बीबद्दल. विलीजने हे मॉडेल १९५३ साली काढलं. हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. त्याच्यामागे टी-९० ही तीन गिअरची पेटी आणि तिच्या पाठीला चिकटून डाना १८ ट्रान्स्फर केस, म्हणजेच लो-हाय पेटी. महिंद्राच्याच ५४० जीपची चार गिअरची पेटी वेगळी आहे, तिला हे सगळं जसंच्या तसं लावू नका.

काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही पेट्या डिझेल आणि ब्रशने लख्ख धुवा, वाळवा आणि गाडी तासभर फिरवून आणा. मग टॉर्च घेऊन खाली झोपा. तेल नेहमी खाली आणि मागे वाहतं, त्यामुळे थेंब जिथे लोंबतोय त्याच्या वर आणि पुढे बघत जायचं. ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत अंदाजपंचे होते.

आता सुरक्षेचं. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवरच्या ड्रमवर आहे. मागचा प्रोपेलर शाफ्ट (पेटीतून चाकांकडे जाणारा लांब दांडा) सुटला की हँडब्रेक कितीही ओढा, चाकं मोकळी. म्हणून आधी चारही चाकांना लाकडी ओंडके, मगच पाना हातात. गाडी उचलायची असेल तर घोड्यांवरच (लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर खाली जाऊ नका.

तेल काढताना भरायचा प्लग आधी सैल करून बघा. तो अडकला आणि खालचा उघडून बसलात तर गाडी जागेवरच अडकते. निघालेलं तेल पांढऱ्या पत्र्यात घ्या. बारीक पितळी चमक झिजेची असते, लोखंडाचा तुकडा दिसला तर काम सीलपुरतं राहिलेलं नाही. आणि दोन्हींकडून किती तेल निघालं ते वेगवेगळं बघा. गिअर पेटी कोरडी आणि ट्रान्स्फर केस काठोकाठ, असं असेल तर मधल्या बेअरिंगवाटे तेल मागे सरकतंय. मग जास्तीच्या तेलाने मागचं सील भिजणार, हँडब्रेकचे लायनर तेलकट होणार आणि दोष मात्र सीलवर येणार.

फ्लोअरचा पत्रा काढा. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडताना टोकाच्या जोडातल्या क्रॉसच्या कपांना लगेच टेप गुंडाळा, नाहीतर आतल्या बेअरिंगच्या सुया मातीत शोधत बसाल. स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची केबल, क्लचची जोडणी, वरचे लिव्हर, या क्रमाने मोकळं करत जा. इंजिनच्या तेलाच्या चेंबरखाली लाकडाची फळी ठेवून जॅक लावा आणि दुसरा जॅक पेट्यांखाली. मग क्रॉसमेंबर सोडायचा आणि शेवटी बेलहाउसिंगचे बोल्ट. दोन्ही पेट्या एकत्रच उतरवाव्यात असं माझं मत आहे. नुसती ट्रान्स्फर केस काढता येते, पण गिअर पेटीचं पुढचं तोंड मग बघितलं जात नाही आणि क्लचकडे जाणारं तेल तसंच राहतं. पेटी सरळ मागे ओढा. तिचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिलंत तर क्लच प्लेट वाकते. दोन माणसं हवीतच. माझ्याकडे पुतण्या असतो, तो जॅक सांभाळतो आणि मी पेटी.

बाकावर घेतल्यावर दोन्ही पेट्या वेगळ्या करायची पद्धत विलीजच्या मॅन्युअलमध्ये दिली आहे, तीच पाळा. मागचं पीटीओचं (इंजिनची ताकद बाहेरच्या यंत्राला द्यायच्या जोडणीचं) झाकण काढलं की मेनशाफ्टचं टोक, त्यावरचं नट आणि स्प्लिट पिन दिसते. नट काढून मागचा गिअर बाहेर घ्यायचा. पण त्याआधी गिअर पेटीचं वरचं झाकण काढून मेनशाफ्टला, सेकंड गिअरच्या लगेच मागे, तारेचा फास घाला आणि तार पिळून पुढच्या बाजूच्या बोल्टला ताणून बांधा. तार नसेल तर ट्रान्स्फर केस ओढताना मेनशाफ्टही मागे येतो आणि पेटी आतून विस्कटते.

आता मुख्य काम. कपलिंगवर (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो त्या तुकड्यावर) जिथे सीलची कड फिरते तिथून नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे आणि त्यावर कितीही महागडं सील बसवलं तरी तेल येणार. बारीक खाच असेल तर सील किंचित आतबाहेर बसवून कड कोऱ्या जागेवर आणता येते. खोल असेल तर रिपेअर स्लीव्ह चढवा किंवा लेथवाल्याकडून करून घ्या. सीलच्या कडेला ग्रीस, बाहेरच्या रिंगला सीलंटचा पातळ हात, आणि योग्य मापाच्या पाइपच्या तुकड्याने सगळीकडून सारखं ठोकत बसवा. कपलिंगच्या आतल्या दातांमधूनही तेल नटाखालून बाहेर येतं, हे फारसं कुणी सांगत नाही. दातांना आणि वॉशरखाली सीलंट लावा.

डाना १८ ची खरी बदनाम जागा म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट. तो केसच्या भोकांतून आरपार जातो आणि मागे लॉक प्लेटने धरलेला असतो. प्लेट काढून पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) मागच्या बाजूला ठोकला की निघतो; गिअर, सुया आणि थ्रस्ट वॉशर खालच्या झाकणातून घ्यायचे. शाफ्टवर झिजेच्या खाचा दिसत असतील तर बदलाच. बसवताना टोकं आणि भोकं पेट्रोलने कोरडी करून सीलंट लावा. पुढच्या कॅपमध्ये लिव्हरचे रॉड आहेत, त्यांची छोटी सीलंही याच वेळी बदला. तिथल्या स्प्रिंग, गोळ्या आणि दोन रॉडमधली इंटरलॉकची पिन उडू नये म्हणून कापड धरून काढा. ती पिन विसरलात तर दोन्ही रॉडना एकमेकांशी अडवणारा इंटरलॉकच उरत नाही. ज्या बोल्टचं भोक केसच्या आत उघडतं, त्याच्या आट्यांनाही सीलंट हवं.

मागच्या बेअरिंग कॅपखाली शिम (माप जुळवायच्या पातळ चकत्या) असतात, त्या होत्या तशा तारेत ओवून ठेवा. आउटपुट शाफ्टची मागेपुढे ढिलाई ०.१० ते ०.२० मिमी यायला हवी. डायल गेज नसेल तर लेथवाल्याकडून मोजून घ्या. इथे पॅकिंगचा जाड कागद किंवा सिलिकॉनचा थर घालणं म्हणजे माप बिघडवणं. बाकी झाकणांनाही सिलिकॉन कमीच, कारण आत पिळून निघालेला धागा तेलात फिरत राहतो. पत्र्याचं खालचं झाकण बोल्टपाशी वाकलेलं असतं, ते सपाट लोखंडावर ठोकून सरळ करा, मगच पॅकिंग लावा. ब्रीदर (हवा बाहेर जायचं भोक) तारेने साफ करा. तो तुंबला की गरम हवा तेलाला सीलमधूनच बाहेर ढकलते.

चढवताना उलटा क्रम. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमध्ये हाताने बसायला हवा. बोल्टने ओढून आणू नका. दोन्हींत ९० नंबरचं जीएल-४ दर्जाचं गिअर तेल घाला, पेटीत गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग आहेत, त्यामुळे जीएल-५ टाळलेलं बरं. प्लगच्या भोकातून ओघळेपर्यंत भरायचं, आधी गिअर पेटी, मग ट्रान्स्फर. गाडी गरम होईपर्यंत चालवा, लो आणि फोर-व्हील लावून बघा, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी दोन्ही प्लग उघडून पातळी पुन्हा तपासा.