बाबा लोकांनो, मन मोकळं करायला हजारो रुपये लागत नाहीत

बाळ झाल्यापासून झोप नाही, उगाच चिडचिड, आणि खासगी समुपदेशकाची फी ऐकूनच आपण गप्प बसतो.

१. आधी १४४१६ लावा. टेलि-मानस ही मन मोकळं करायची हेल्पलाइन: सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. चाळीत, वन-रूममध्ये बोलणं अवघड, म्हणून मी दूध आणायच्या निमित्ताने पिशवी घेऊन खाली उतरलो आणि जिन्याखाली बसून बोललो.

२. प्रत्यक्ष भेटायचं तर मुंबईत केईएम, सायन किंवा नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांची मानसोपचार ओपीडी. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. 'गोळ्यांसोबत बोलायलाही कुणी हवंय' हे स्वतःहून सांगा.

जीव नकोसा वाटत असेल तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. कुणाला तरी सोबत घेऊन लगेच हॉस्पिटलची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) गाठा.