आशांची शिकायची बैठक कशी चालवावी

आशांची (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांची) पीएचसीतली, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातली, महिन्याची मीटिंग आणि शिकायची बैठक एकाच दिवशी ठेवू नका. मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख ठेवणारी; दर महिन्याला बघते: रजिस्टरं आणि मोबदल्याचे कागद बाहेर निघाले की आशाताईचा सगळा जीव सहीत अडकतो. वेगळा दिवस धरा. दुपारची वेळ, अंगणवाडी नाहीतर उपकेंद्राचा ओटा. दहा-बारा जणी पुरे. एमओ साहेबांच्या (केंद्राच्या डॉक्टरांच्या) कानावर घाला, पण बसायला बोलावू नका; साहेब समोर असले की सगळ्यांचं सगळं 'व्यवस्थित' असतं. सिस्टर चालतील, फक्त सतरंजीवर बसणाऱ्या हव्यात.

विषय एकच घ्या. आमच्याकडे बाळाचा श्वास मोजणं घेतलं. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आपण घरी जातो, श्वास मोजतो, पण मोजताना एकमेकींना कधी बघत नाही. एखादी आई तयार असेल तर दोघी-तिघींनीच तिच्या घरी जा. बाळ रडत किंवा पीत असेल तर थांबा. झबलं वर करून पोटाकडे बघायचं, पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची सवय मोडा. तान्ह्याचा श्वास मध्येच भरभर, मध्येच संथ चालतो. दोघींनी एकाच वेळी मनात मोजायचं आणि आकडा आधी हातावर लिहायचा, नाहीतर दुसरी पहिलीचाच सांगते (हे हमखास होतं). 60 किंवा जास्त आला तर पुन्हा मोजा. परत तेवढाच आला तर बैठक राहू द्या, बाळाला दवाखान्यात पाठवा.

मग कुणा आशाच्या अनुभवातली एक केस बोलायला घ्या. नाव-गाव नाही, व्हॉट्सॲपवर फोटो तर मुळीच नाही. 'तू का गेली नाहीस?' असं कुणी विचारलं की पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. त्यापेक्षा विचारा: आईने रात्री आधी कुणाला हाक मारली? सासूबाई काय म्हणाल्या? गाडी कुठे अडली? उठण्याआधी करून बघायची एकच गोष्ट वहीत लिहा, करणारीच्या नावासकट. पुढची बैठक त्याच पानापासून सुरू करा.

जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये सुरू केलेल्या कामात गावोगावच्या आरोग्यसेविका दर आठवड्याला एकत्र येऊन शिकायच्या. आपल्याला महिन्यातून एकदा जमलं तरी खूप. लावणीच्या दिवसांत चारच जणी येतील. त्या चौघींना घेऊन बसा, तारीख पुढे ढकलू नका.