आयपीओ भरताय? या चुका टाळा

"अर्ज तर केला होता, मग शेअर का नाही लागले?" आयपीओबद्दल, म्हणजे कंपनी पहिल्यांदाच लोकांना शेअर विकते त्याबद्दल, हा प्रश्न मला सारखा येतो, आणि दरवेळी नशिबाचा दोष नसतो.

माझ्या वहिनीचंच बघा. पहिल्यांदा डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) तिचं आणि यूपीआय आयडी दादाचा, कारण पैसे दादाच्या खात्यात होते. अर्ज बाद. डिमॅट ज्याच्या नावावर, बँक खातंही त्याचंच लागतं. पुढच्या वेळी सगळं बरोबर भरलं, पण मेसेज येईल म्हणून बसून राहिली आणि मँडेट (खात्यात पैसे अडवून ठेवायची परवानगी) तिकडे यूपीआय ॲपच्या ऑटोपेमध्ये तसंच पडून होतं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी ५ ला मुदत संपली. तेव्हा अर्ज केला की स्वतः ॲप उघडून बघा, नोटिफिकेशनची वाट बघू नका.

दुसरी चूक म्हणजे जास्त लॉट (शेअरचे ठरलेले गठ्ठे) टाकले की जास्त चान्स असं समजणं. रिटेलमध्ये, म्हणजे छोट्या गुंतवणूकदारांच्या गटात, २ लाखांपर्यंत अर्ज करता येतो, पण इश्यू भरपूर पट भरला, म्हणजे विकायच्या शेअरपेक्षा मागणी कितीतरी जास्त आली, की सोडतच होते आणि त्यात १ लॉटवाल्याला आणि १३ लॉटवाल्याला संधी सारखीच. घरातल्या वेगवेगळ्या पॅनवरून प्रत्येकी एक लॉट टाका ना. फक्त एकाच पॅनवर दोन डिमॅटमधून भरू नका, दोन्ही बाद होतात. आणि किंमत स्वतः टाकण्यापेक्षा कट-ऑफला टिक करा, म्हणजे शेवटी जो भाव ठरेल तो मान्य.

आता खरी मोठी चूक, जीएमपी, म्हणजे ग्रे मार्केटमधला प्रीमियम (शेअर बाजारात येण्याआधीच बाहेर बोलला जाणारा जादा भाव) बघून पैसे लावणं. ग्रे मार्केट म्हणजे काही एक्स्चेंज नाही, शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीचं त्यावर नियंत्रण नाही, आणि आकडा दिवसागणिक बदलतो. २०२२ ला एलआयसीच्या वेळी कितीतरी पॉलिसीधारकांनी आयुष्यात पहिल्यांदा डिमॅट उघडलं. भाव ९४९, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट म्हणजे ८८९, आणि बीएसईवर शेअर उघडला ८६७ ला. सुरुवातीला जो प्रीमियम दिसत होता तो लिस्टिंगपर्यंत, म्हणजे शेअरची बाजारात खरेदी-विक्री सुरू होईपर्यंत, उतरला होता. त्याच्या आधी पेटीएम, २१५० चा शेअर १९५० ला उघडला आणि त्याच दिवशी १५६४ च्या आसपास बंद झाला.

फायदा होतच नाही असं नाही हां. पुण्याची टाटा टेक्नॉलॉजीज २०२३ मध्ये ५०० ला आली आणि १२०० ला लिस्ट झाली, म्हणजे १५ हजारांचा लॉट एका सकाळी ३६ हजारांचा. पण इश्यू जवळजवळ ६९ पट भरलेला, लॉट लागला किती जणांना? आणि न लागलेल्यांपैकी ज्यांनी चिडून त्याच दिवशी १४०० च्या आसपास घेतला त्यांनी पुढे तो हजाराच्या खाली गेलेला बघितला. मला विचाराल तर ही चूक सगळ्यात महाग, लॉट नाही लागला तर पहिल्या दिवशी मागे धावू नका.

आरएचपी (इश्यूची माहितीपुस्तिका) अख्खी वाचायला वेळ नसेल तर निदान पैसा कुठे जाणार ते पान तरी वाचा. सगळा इश्यू ऑफर फॉर सेल असेल तर कंपनीला एक रुपया मिळत नाही, जुने मालक आपला हिस्सा विकतायत. एसएमईमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या आयपीओत, तर जास्तच जपा, ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या दोन बाईक शोरूमवाल्या कंपनीचा १२ कोटींचा इश्यू ४०० पटीच्या वर भरला आणि शेअर लिस्ट झाला इश्यूच्याच भावाला, ११७ ला.

विकायचा की ठेवायचा हे अर्ज करायच्या आधीच ठरवा. झोमॅटो ७६ ला आला, साधारण वर्षभरात पन्नासच्याही खाली गेला, नंतर अडीचशेपार गेला. घाबरून मधेच विकणाऱ्याच्या हाती तोटाच लागला.

शेवटचं, लॉट लागला नाही आणि पैसे ब्लॉकच राहिले तर आधी बँकेत लेखी तक्रार करा, मग रजिस्ट्रारकडे (इश्यूचं शेअर वाटप सांभाळणारी संस्था), तरी हललं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये किंवा वर्षाला १५ टक्के व्याज, जे जास्त असेल ते भरपाई म्हणून मिळायला हवं, ते मागून घ्या.