लिव्हरमध्ये पू झालाय? या चुका टाळा

हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, खोल श्वास घेतला की कळ. कधी उजवा खांदाही दुखतो. लिव्हरच्या वरचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, डिवचलं गेलं की कळ खांद्यात उमटते, आणि माणूस बाम चोळत बसतो. तापाची गोळी आणि ॲसिडिटीच्या सिरपवर आठवडा काढू नका. सोनोग्राफी करून घ्या. लिव्हर म्हणजे कावीळच, असं धरून झाडपाला आणायलाही धावू नका. या आजारात बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत.

हा पू अमिबा नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे किंवा जिवाणूंमुळे होतो. आधी अमिबाचं. “मला जुलाब नव्हते, मग अमिबा कुठला?” दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो आतड्यात येतो, तिथून रक्तावाटे लिव्हरमध्ये पोचतो. तोवर बहुतेकांना जुलाब नसतात, शौचाच्या तपासणीतही तो अनेकदा सापडत नाही. तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र बरं वाटू लागल्यावर होते. अमिबावरचं औषध मेट्रोनिडॅझोल सुरू झालं की तीन-चार दिवसांत ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. साधारण 7 ते 10 दिवसांचा कोर्स पुरा करायचाच. त्यानंतरही आतड्यात अमिबा उरू शकतो. त्याच्यासाठी डायलोक्सॅनाइडसारखं वेगळं औषध असतं. चिठ्ठीत ते दिसलं नाही तर डॉक्टरांना विचारा. विचारण्यात कसला आलाय कमीपणा! मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांवर दारू मात्र नको. उलट्या, धडधड होऊ शकते.

पू जिवाणूंमुळे असेल तर हिशेब वेगळा. मधुमेह किंवा पित्तमार्गातले खडे असणाऱ्यांना हा धोका जास्त. अँटिबायोटिक बहुधा 4 ते 6 आठवडे चालतं, पूही बऱ्याचदा काढावा लागतो.

पू काढायच्या सुईला घाबरून टाळाटाळ नको. गळू मोठं असेल, किंवा लिव्हरच्या डाव्या भागात, हृदयाच्या आवरणाजवळ असेल, तर थांबणंच धोक्याचं. नळी टाकली असेल तर रोज किती पू आला ते लिहून ठेवा. तो अचानक थांबला म्हणजे जखम भरली असं नव्हे, नळी तुंबलेली असू शकते. त्याच दिवशी दाखवा. सगळ्या पोटात असह्य दुखू लागलं, दम लागला किंवा खोकल्यातून चॉकलेटी बेडका पडला, तर गळू फुटलं असण्याची शक्यता आहे. थेट हॉस्पिटल गाठा.

नंतरच्या सोनोग्राफीत पोकळी दिसली म्हणून मात्र घाबरू नका. ताप नाही, दुखणं नाही, भूक लागतेय, तर काळजी नको, ती पोकळी भरून यायला काही महिने लागतात.