उन्हाळ्याआधी खाऱ्या पाण्याच्या टँकची तयारी

घरात पन्नास-साठ लिटरचा मरीन टँक असेल तर उन्हाळ्याची तयारी गुढीपाडव्याच्या आत उरका. त्यानंतर परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी कधी ओलांडतो ते कळतही नाही, आणि ऐन मे महिन्यात तालुक्याच्या गावी पंखा, पंप, मीठ यातलं काही वेळेवर मिळेल याची खात्री नसते. क्लाउनफिश, डॅमसेल, क्लीनर श्रिंप यांना २४ ते २७ अंश मानवतं. २८ ला लक्ष ठेवायचं, ३० च्या आधी हालचाल करायची. इथं मासे-झिंग्यांच्याच टँकबद्दल बोलतोय. रीफ बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, ते घरात आणायचेच नाहीत.

सगळ्यात आधी थर्मामीटर. काचेवर चिकटवायची पट्टी पाण्यापेक्षा काचेचंच तापमान सांगते, तेव्हा पाण्यात प्रोब सोडता येणारा डिजिटल घ्या, शक्य तर दोन. एक आठवडा सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला आकडे लिहून ठेवा. टँकचं पाणी भर दुपारपेक्षा संध्याकाळी जास्त तापलेलं सापडतं, कारण दिवसभर भाजलेला स्लॅब तेव्हा घरात उष्णता सोडत असतो. म्हणून जागाही आताच बदला. पश्चिमेची भिंत नको, पत्र्याखालची खोली तर नकोच. जुन्या माळवदाच्या घरात राहणारे नशीबवान. मधल्या खोलीत टँक ठेवला की अर्धं काम झालं. बाकीच्यांनी गच्चीला चुना मारून घ्यावा. भरलेला टँक मात्र हलवायचा नाही, पाणी काढूनच सरकवा.

आता मुख्य गोष्ट, पंखा. मुंबईचे लोक आधी चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचं, नाव घेतात आणि त्यांच्या दमट हवेत ते बरोबरही आहे. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत, माठातलं पाणी गार होतं तेच टँकमध्येही घडवून आणता येतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. साठ लिटरच्या टँकसाठी हे साडेनऊ-दहा अंश उतरण्याएवढं होतं. खोलीची गरमी सतत आत येतच असते, त्यामुळे हातात दोन ते चार अंशांचा फरक पडतो, पण बहुतेकदा तेवढाच हवा असतो. बारा व्होल्टचे कॉम्प्युटरचे दोन पंखे पुरतात. वारा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लागेल असे बसवा. काचेचं झाकण काढावं लागेल, पण त्या जागी बारीक जाळी हवीच. मासे उडी मारतात. तापमान नियंत्रक लावणार असाल तर पंखा २७ ला सुरू, २६ ला बंद ठेवा आणि हीटर २४ वर, नाहीतर दोघं रात्रभर एकमेकांशी भांडत बसतील. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे थेंब वायरवरून घरंगळून सॉकेटमध्ये जाणार नाही. खारं पाणी आणि वीज यांच्याशी मस्करी नको, आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

खोलीत कूलर असेल तर लावा, पण खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत कूलर हवा ओली करतो आणि टँकच्या पंख्याचा जोर जातो.

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते, आणि मराठवाड्यात पाणी म्हणजे काय ते २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी मागवणाऱ्या लातूरला विचारा. पंखा चालू असला की दीड-दोन लिटर पाणी रोज सहज उडतं. मीठ मात्र टँकमध्येच राहतं. साठातले तीन लिटर उडाले तर ३५ ची क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) ३६.८ होते. म्हणून भर घालायची ती गोड्या, आरओच्या पाण्याची. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. काचेवर मार्करनं रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत थोडं थोडं भरा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी नको. जारचं पाणी घेणार असाल तर टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) तपासल्याशिवाय ओतू नका. पंधरा दिवसांची बेगमी म्हणजे वीस लिटरचे दोन जार, सावलीत, झाकून. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा, घरातल्यांची कुरकुर तेवढीच कमी. पाणी बदलण्यासाठी मीठ कालवून ठेवलेली बादलीही टँकच्याच खोलीत असू द्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, तेच तापलेलं पाणी मिठात कालवून माशांवर ओतायचं का?

पाण्यात बुडालेला पंप स्वतः हीटरच असतो. वीस वॉटचा पंप साठ लिटर पाण्यात तासाला पाव अंशाहून थोडी जास्त भर घालतो. जमेल तिथे तो बाहेर बसवा किंवा कमी वॉटचा घ्या. दिवे एलईडीचे करा आणि दुपारऐवजी रात्री आठ ते बारा लावा.

लाईट जाणार हे धरूनच चला. पंखे आणि हवेचा पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या; बॅटरीतलं डिस्टिल्ड पाणी उन्हाळ्यात लवकर आटतं, तेही बघा. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप वेगळा ठेवाच, कारण तापल्यावर आधी संपतो तो ऑक्सिजन. कोमट पाण्यात तो कमी विरघळतो, खाऱ्यात आणखी कमी. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले की थर्मामीटर बघत बसू नका, आधी हवेच्या पंपाला जोडलेला एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडा. या दिवसांत खाणंही निम्मं करा. उरलेलं अन्न लवकर सडतं आणि गरम पाण्यात अमोनिया जास्त जहरी होतो.

फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या, झाकण घट्ट, वरून थोडी मोकळी जागा ठेवून, कायम गोठलेल्या असू द्या. एक लिटरची बाटली पूर्ण वितळली तर साठ लिटरचं पाणी दीड-दोन अंशांनी उतरतं. तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरवू नका. धक्क्यानंही मासे दगावतात. बर्फाचे खडे थेट टाकायचे नाहीत, क्षारता घसरते.

हे सगळं करूनही रोज २९ च्या वर जात असेल तरच चिलरकडे वळा. तो टँकमधली गरमी काढून त्याच खोलीत फेकतो, तेव्हा हवा बाहेर जायला वाट नसेल तर पैसे वाया.

मे म्हणजे लग्नसराई. बाहेरगावी जाताना शेजारच्यांना किल्लीसोबत चिठ्ठी द्या: रेघेपर्यंत जारचंच पाणी, खाणं पुड्या करून ठेवलेलं, लाईट दोन तासांवर गेली तर फोन. त्यापेक्षा जास्त काम सांगू नका, कुणी करत नाही.

मृग लागला की बाहेर गार वाटतं, पण हवा ओली झालेली असते आणि पंखा पूर्वीएवढा गारवा देत नाही. पाणीही कमी उडतं, सवयीनं दोन लिटर ओतलं तर क्षारता उतरेल. आठवडाभर रोज रिफ्रॅक्टोमीटरनं (क्षारता मोजायच्या उपकरणानं) बघा. पंख्याच्या पात्यांवर बसलेलं मीठ ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आणि पंखे माळ्यावर टाकू नका, ऑक्टोबरचं ऊन बाकी आहे.