पोलरायझर फिल्टर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत दुपारी फोटो काढला की पान हिरवं येत नाही, पांढरट येतं. पानाच्या मेणचट थरावर आभाळ चमकत असतं. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन कितीही ओढलं तरी ती चकाकी जात नाही, कारण तिच्याखालचा रंग कॅमेऱ्यापर्यंत नीट पोचलेलाच नसतो. पोलरायझर, म्हणजे अशी चकाकी अडवणारा लेन्सपुढचा फिरता फिल्टर, लावून हळूहळू फिरवला की चकाकी उतरते आणि पानाच्या शिरासुद्धा दिसतात. एवढ्यासाठी तरी हा फिल्टर बॅगेत हवाच. गडबड होते ती घेताना.

लिनियर की सर्क्युलर?

पोलरायझर या दोन प्रकारांत मिळतो आणि यावर दुकानात नको तितका वेळ जातो. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा असेल तर सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे सीपीएल घ्या, विषय संपला. डीएसएलआरच्या ऑटोफोकसकडे आणि उजेड मोजणाऱ्या मीटरकडे जाणारा उजेड अर्धपारदर्शक आरशातून जातो. लिनियर फिल्टरमधून आलेला उजेड तिथे कमी-जास्त होतो, मग फोकस नाहीतर एक्स्पोजर दगा देतं. सीपीएलमध्ये पोलरायझरच्या मागे आणखी एक थर असतो, तो ही अडचण काढून टाकतो. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही, त्यामुळे सहसा दोन्ही चालतात. घरात फिल्म कॅमेऱ्याच्या काळातला लिनियर पडून असेल, तर नवीन घेण्याआधी तो मिररलेसवर लावून बघा.

दिसायला दोन्ही सारखेच असतात. पाकिटावर विश्वास नसेल तर आरशासमोर उभे राहा. फिल्टरची आट्यांची, म्हणजे कॅमेऱ्याकडची बाजू आरशाकडे करा, फिल्टर डोळ्यासमोर धरा आणि त्यातून आरशातल्या त्याच फिल्टरकडे बघा. तो काळाकुट्ट दिसला तर सीपीएल. उलटा धरून बघा, काळेपणा जाईल. दोन्ही बाजूंनी आरपार दिसला तर लिनियर, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो.

आणि व्हेरिएबल एनडीला, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरला, पोलरायझर समजून घेऊ नका. तोही फिरतो, पण त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर असतात आणि फिरवल्यावर फोटो नुसता काळा होत जातो.

साइज

लेन्सच्या पुढच्या कडेवर Ø च्या चिन्हापुढे 58, 67, 77 असा आकडा असतो, तो फिल्टरचा साइज. प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घेण्यापेक्षा सगळ्यात मोठ्या साइजचा एकच चांगला घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी, लावा. लेन्सहूड मग बसत नाही, तेवढं सोसायचं. लेन्सच्या रक्षणासाठी लावलेला यूव्ही फिल्टर आधी काढा. त्याच्यावर पोलरायझर चढवला की वाइड लेन्समध्ये कोपरे काळे येतात. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या काही जुन्या किट लेन्सचं पुढचं तोंड फोकस करताना फिरतं. त्यांना आधी फोकस, मग फिल्टर फिरवणं, हाच क्रम.

आभाळ निळं होत नाही, अशी तक्रार

बहुतेक वेळा दोष फिल्टरचा नसतो, दिशेचा असतो. सूर्यापासून 90 अंशांवरच्या आभाळात परिणाम सगळ्यात जास्त. सूर्याकडे किंवा सूर्याला पाठ करून जवळजवळ शून्य. आपल्याकडे ही सोय आयती आहे. तापीच्या काठावरून सातपुडा उत्तरेला दिसतो, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी तो ढोबळमानाने काटकोनातच येतो. दुपारी बाराला मात्र आभाळाचा हा 90 अंशांवरचा पट्टा क्षितिजालगत उतरतो. माथ्यावरचं आभाळ तेव्हा फारसं बदलत नाही.

मे महिन्यातल्या धुरळ्यात फार अपेक्षा ठेवू नका. धुळीच्या मोठ्या कणांवरून आलेला उजेड पोलरायझरला फारसा जुमानत नाही. पावसाळा सरताना तोरणमाळला जा आणि तोच फिल्टर लावा, फरक दिसेल. तिथेही 16 मिमीच्या वाइड लेन्सने अख्खं आभाळ घेतलंत तर मधोमध गडद डाग येईल. 24 मिमीच्या पुढे राहा, किंवा फिल्टर पूर्ण न फिरवता थोडा अलीकडेच थांबा.

जिथे लावून उपयोग नाही

जळगावात दागिन्यांचे फोटो काढणारे बरेच. त्यांची अडचण अशी की उघड्या धातूवरची चकाकी नुसत्या पोलरायझरने जात नाही. ती घालवायची तर लाइटवरही पोलरायझिंग शीट लावावी लागते. पण सगळीच चमक मारली तर सोनं पितळेसारखं दिसतं. गिऱ्हाईक ते पास करणार नाही. सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाइट मऊ करणारी पेटी, मोठा करणं जास्त शहाणपणाचं. नव्या ट्रॅक्टरच्या रंगावर आणि काचेवर मात्र फिल्टर छान चालतो, क्रोमवर नाही. गाडीच्या मागच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली तर घाबरू नका, तो टफन्ड काचेतला ताण दिसतो.

फिल्टरमुळे उजेड एक ते दोन स्टॉप खाल्ला जातो; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. दिवसा लावलेला फिल्टर हळदीच्या रात्रीपर्यंत तसाच राहिला, तर शटर स्पीड 1/250 चं 1/60 होतं आणि नाचणारे सगळे हललेले येतात.

फिल्टर अडकला तर चिमटीत दाबून पिळू नका. ॲल्युमिनियमची रिंग दाबली की वाकते आणि जास्तच घट्ट बसते. रिंगभोवती रुंद रबरबँड चढवा, हात पूर्ण गोल ठेवून हलक्या जोराने फिरवा. पितळी रिंग कमी अडकते, पैसे थोडे जास्त पडतात. उन्हात बंद गाडीत फिल्टर ठेवू नका. आतली फिल्म सतत तापली की खराब होते, आणि आपल्याकडे 45 अंश काही नवीन नाही.